पाच पायांचा कुत्रा

टपालाची बोट दोन दिवस उशिरा लागली
पिको बेटाच्या धक्क्याला, वाऱ्यामुळे.
पाकिटात एकच कागद,
त्यावर मेणखडूनं काढलेला कुत्रा.
माझा नातू बेंतो. टोरांटोत असतो. वय साडेचार.
खाली त्याच्या आईनं लिहिलंय :
असाच हवा म्हणतो, आई. अगदी असाच.

मी चष्मा पुसला. मोजले.
पुन्हा मोजले.
पाच पाय.

शेजारची ओलिंपिया म्हणाली, पाचवं शेपूट असेल गं.
म्हटलं, शेपूट वेगळं आहे, हे बघ, निळं.
पोरानं पाच काढलेत, तर पाच.
चाळीस वर्षं या गावाची लग्नं शिवली मी :
एक खांदा उतरलेली, पाठीत वाकलेली,
तिसरा महिना लपवणारी,
कुणाला कधी म्हटलं का,
आधी सरळ उभी राहा, मग माप घेते?
अंग बघून शिवावं.
अंगाला नावं ठेवू नयेत.

मागल्या वर्षी थोरल्या नातीला झगा शिवला.
माप फोनवरून : दाराच्या कडीच्या वर दोन बोटं.
मी माझ्या दाराशी जाऊन टेप लावली.
तिकडच्या कड्या उंच असतात
हे मला कुणी सांगावं?
फोटोत झगा गुडघ्यांच्या वर, खाली विजार,
आणि इरिया दात पडलेल्या तोंडानं हसतेय.
मीही हसले, पोट धरून, एकटीच, स्वयंपाकघरात.
मग वीतभर झालर विणून पाठवली :
घे जोडून, आणि पुढच्या वर्षी आणखी वीतभर,
तू थांबेपर्यंत मी काही थांबत नाही.

माझी सुई देवमाशाच्या दाताची.
झासिंतोनं कोरली होती, मागणी घालायच्या आधी,
म्हणजे नाही म्हटलं असतं तर सुईही गेली असती.
शिकारी कधीच बंद झाल्या. तोही गेला.
सुई अजून सकाळी गार असते
आणि दहाव्या ओळीला माझ्याएवढी ऊन होते.

तीन साखळ्या, एक मुका खांब.
तीन साखळ्या, एक मुका.
इतक्या लांबून
आणखी कसा द्यायचा?

डोकं झालं. धड झालं.
कान मोठे झाले, असू देत, ऐकू येईल माझं.
आत भरायला लोकर कमी पडली
तेव्हा झासिंतोचे मोजे काढले ट्रंकेतून.
ते पायांतच गेले शेवटी. बरं झालं.

पाचवा पाय कुठे लावायचा, यावर मी रात्रभर जागी.
चित्रात तो पोटाच्या मधोमध आहे,
इतरांहून किंचित लांब, जरा तिरका,
मुलानं सगळ्यात शेवटी, सगळ्यात जोर लावून काढलेला.
तिथेच लावला.

आणि टेबलावर ठेवला तर
उभा राहिला!
माझ्या हातचं एकही जनावर आजवर
चार पायांवर टिकलं नव्हतं.
ससे लोळायचे, गाय तोंडावर पडायची,
मी गाठी आवळायची, आतून काड्या घालायची.
हा मात्र उभा. टेबल हलवलं, तरी उभा.
ओलिंपियाला हाक मारली कुंपणावरून,
ती पिठाच्या हातांनी आली,
बघितलं, आणि म्हणाली, पोराला कळतं की.

उरलं शेपूट.
निळा दोरा बोटभरच निघाला डब्यात.
दुकान दुसऱ्या गावी, बोट उद्या सकाळी.
अंगात माझा रविवारचा स्वेटर होता,
निळा. अगदी तोच निळा.

डावी बाही उसवायला घेतली आहे.
सरसर येतोय दोरा,
मनगट उघडं पडलं, आता कोपराकडे निघालाय.
शेपूट लांबलचक होणार.